कामारोन दे ला इस्ला : १९६९ ते १९७७ मधल्या पारंपरिक गायनाच्या नऊ तबकड्या

मूळ लेख

गेले काही महिने रात्रीची निजानीज झाली की मी नेमाने एकच गोष्ट करतो. फ्लामेंको या दक्षिण स्पेनमधल्या संगीताचा गायक कामारोन दे ला इस्ला याने पाको दे लुसियाच्या गिटारसोबत १९६९ ते १९७७ या काळात काढलेल्या नऊ तबकड्या मी क्रमाने ऐकतो, आणि नववी संपली की पुन्हा पहिलीपासून सुरुवात करतो. या ऐकण्यातून एक मत बनले आहे, ते येथे सविस्तर मांडतो. जाणकारांनी भर घालावी आणि चुकत असेन तेथे दुरुस्त करावे.

कामारोनकडे आजचा श्रोता बहुधा उलट्या दिशेने येतो. १९७९ साली आलेली ‘ला लेयेंदा देल तिएम्पो’ ही तबकडी त्याला कोणीतरी ऐकवते. तीत लोर्का या स्पॅनिश कवीच्या कविता आहेत, ड्रम आणि विजेवरची वाद्ये आहेत, एका अंगाईत तर चक्क सतार आहे. तेथून तो पुढच्या काळाकडे वळतो आणि आधीच्या नऊ तबकड्यांना तयारीची वर्षे समजून बाजूला ठेवतो. मला हे पटत नाही. कादिस, हेरेस, त्रियाना, आल्काला या ठिकाणांच्या गायकीचे जे धागे एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे केवळ कानावाटे आले होते, ते अठरा-वीस वर्षांच्या एका मुलाच्या गळ्यात एकत्र आलेले या नऊ तबकड्यांत ऐकू येतात. त्या पुढच्या कशाची तरी पूर्वतयारी म्हणून ऐकल्या, तर त्यांतले बरेच काही कानांवरून नुसते निघून जाते.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. कामारोनचे खरे नाव खोसे मोंखे क्रुस. त्याचा जन्म ५ डिसेंबर १९५० रोजी कादिसजवळच्या सान फेर्नांदो या गावी झाला. गावाला सगळे ‘ला इस्ला’, म्हणजे ‘बेट’, म्हणतात, आणि त्याच्या नावातले बेट ते हेच. घर हितानो, म्हणजे स्पेनमधल्या रोमा समाजाचे. वडील लोहारकाम करीत, आई हुआना टोपल्या विणीत असे आणि गातही असे. मुलाचा रंग गोरा आणि केस पिंगट असल्यामुळे एका काकाने त्याला ‘कामारोन’ म्हणायला सुरुवात केली. कामारोन म्हणजे आपल्याकडची करंदी. गावात ‘वेंता दे वार्गास’ नावाची खाणावळ होती आणि नावाजलेले गायक तेथे उतरत. हा मुलगा आणि त्याचा मित्र, पुढे रांकापिनो या नावाने प्रसिद्ध झालेला गायक, तेथे लहानपणापासून ऐकत आणि गात. वही नाही, स्वरलेखन नाही, समोर बसवून दिलेला धडाही नाही. जे शिकायचे ते रात्री उशिरापर्यंत जागून, मोठ्या माणसांच्या पायांशी बसून शिकायचे.

पुढे तो माद्रिदला गेला आणि ‘तोरेस बेर्मेखास’ या ताब्लाओत गाऊ लागला. ताब्लाओ म्हणजे फ्लामेंकोचा रोजचा कार्यक्रम चालणारी जागा. तेथे तो सुमारे बारा वर्षे गायला. माद्रिदमध्येच त्याचे पाको दे लुसियाशी सूर जुळले. पाको आल्हेसिरासचा, जन्म डिसेंबर १९४७ चा. १९६९ साली पहिली तबकडी आली तेव्हा गायक अठरा वर्षांचा आणि वादक एकवीस वर्षांचा होता. तबकडीवर केवळ गायकाचे नाव आणि ‘पाको दे लुसियाच्या विशेष सहकार्याने’ एवढेच होते. पुढे ती पहिल्या गाण्यावरून ‘आल वेर्ते लास फ्लोरेस योरान’, म्हणजे ‘तुला पाहून फुले रडतात’, या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यानंतर दरवर्षी एक, अशा १९७७ च्या ‘कास्तियो दे आरेना’पर्यंत नऊ झाल्या.

आता गायनाविषयी. फ्लामेंकोत गीतप्रकाराला ‘पालो’ म्हणतात. सोलेआ, सेगिरिया, बुलेरियास, तांगोस, तिएन्तोस, आलेग्रियास, फांदांगो, तारान्तो असे कितीतरी पालो आहेत आणि प्रत्येकाची लय, स्वरांची ठेवण आणि भाव ठरलेले असतात. पण खरी परंपरा त्याच्याही एक पायरी खाली राहते. एकाच सोलेआच्या अनेक चाली असतात आणि त्या कोणा जुन्या गायकाच्या किंवा गावाच्या नावाने ओळखल्या जातात. आल्कालाच्या होआकीन एल दे ला पाउलाची सोलेआ वेगळी, कादिसच्या एन्रीके एल मेयिसोची वेगळी, मेर्सेदेस ला सेर्नेताची वेगळी. कसलेला गायक एका बैठकीत अशा तीन-चार चाली एकापुढे एक गुंफतो. जाणकार श्रोता शब्दांपेक्षा हे पाहतो की त्याने सुरुवात कोणत्या चालीने केली, मध्ये कोठे चढला आणि शेवट कोणत्या अवघड चालीने केला.

या तबकड्यांत कामारोन हे फार शांतपणे करतो. त्या वयातला आवाज पातळ, टोकदार आणि स्वराला विलक्षण पक्का आहे, आणि पुढच्या काळातला घोगरा पीळ त्यात अजून आलेला नाही. सोलेआमध्ये तो ओळ वरच्या स्वरांत उघडतो आणि मग शांतपणे खाली येतो. कोमल रिषभावर तो क्षणभर असा थांबतो की आता षड्ज येणार हे आपल्याला ठाऊक असते, तरी तो येईपर्यंत श्वास सुटत नाही. उतरताना कोमल गांधार आणि मुक्कामाच्या जागी शुद्ध गांधार, असे दोन्ही गांधार या संगीतात नांदतात. आपल्या कानाला भैरवी आणि बसंतमुखारी या दोन्हींची आठवण होते ती त्यामुळे.

सेगिरियाबद्दल एवढेच सांगतो की ‘आय’ या एका उद्गारावर तो जेवढा वेळ राहतो, तेवढा वेळ पाकोची गिटार जवळजवळ काहीच करीत नाही, फक्त ठोका राखून वाट पाहते. एकवीस-बावीस वर्षांचा, हातात एवढा वेग असलेला वादक इतका संयम ठेवतो, हे मला त्याच्या कोणत्याही द्रुत वादनापेक्षा मोठे वाटते.

प्रतिसाद १

लेख मनापासून आवडला, पण ‘पारंपरिक’ या शब्दाविषयी माझा आक्षेप आहे आणि तो नीट नोंदवावासा वाटतो. या तबकड्यांतल्या बऱ्याच गीतांच्या श्रेयनामावलीत पाकोचे वडील अंतोनियो सांचेस यांचे नाव आहे, आणि निर्मितीची सूत्रेही त्यांच्याच हाती होती. शब्द नवे आहेत. पाकोची गिटार त्या काळाच्या मानाने बरीच पुढे गेलेली आहे. १९७२ च्या तबकडीत तर ‘कानास्तेरा’ नावाचा एक नवा पालोच या दोघांनी घडवला. ज्या काळात अंतोनियो माइरेना जुन्या चालींचा शोध घेऊन, त्या कोणाच्या आहेत हे पारखून गात होता, त्या काळात या तबकड्या पारंपरिक म्हणून गणल्या गेल्या नसत्या. १९६२ साली कोर्दोबाला ‘कांतेची’, म्हणजे फ्लामेंको गायनाची, सुवर्णकिल्ली हा मोठा मान माइरेनाला मिळाला होता, आणि परंपरा म्हणजे काय हे ठरवण्यात त्याच्या शब्दाला तेव्हा फार वजन होते.

धागाकर्त्याचे उत्तर

आपला आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळे मला माझे म्हणणे अधिक नेमके करता येईल.

फ्लामेंकोत शब्द आणि चाल यांचे नाते आपल्या जात्यावरच्या ओवीसारखे आहे. चाल घराण्यातून, गावातून आलेली असते आणि तिच्यावर कोणतीही ओवी बसते. सोलेआला आठ अक्षरांच्या तीन किंवा चार ओळी लागतात. सेगिरियाला चार ओळी लागतात, आणि त्यांतली तिसरी इतरांपेक्षा बरीच लांब असते. एवढे माप जुळले की नवे शब्द जुन्या चालीत जातात. म्हणून श्रेयनामावलीत नवे नाव दिसले तरी गळ्यात काय चालले आहे हे ऐकूनच ठरवावे लागते, आणि सोलेआ, सेगिरिया, तिएन्तोस, तारान्तो यांत गळ्यात जे चालले आहे ते जुनेच आहे. (या श्रेयांवरून कामारोनच्या मृत्यूनंतर जाहीर वाद झाला आणि पाकोला तो फार लागला. तो विषय वेगळा असल्यामुळे येथे वाढवत नाही.)

गिटारविषयी मात्र आपले म्हणणे मान्य करतो. पाकोचे स्वरसमूह आणि त्याच्या फाल्सेता, म्हणजे दोन कडव्यांमधल्या गिटारच्या स्वतंत्र जागा, आधीच्या पिढीच्या वादकांसारख्या नाहीत. पण गायक गात असताना तो काय करतो आणि गायक थांबल्यावर काय करतो, हे वेगवेगळे ऐकून पाहावे. गाणे चालू असताना तो जुन्या शिस्तीचा साथीदार आहे. आपल्याला खरे तर गायकच व्हायचे होते, पण लाजाळूपणामुळे गिटारच्या आड लपलो, असे पाकोने पुढे अनेकदा सांगितले आहे. गायकाचा श्वास कोठे तुटणार हे त्याला आधीच कळते, याचे कारण मला त्यात दिसते.

‘कानास्तेरा’ नवाच होता, यात शंका नाही. टोपल्या विणणाऱ्या स्त्रीला कानास्तेरा म्हणतात आणि कामारोनची आई तेच काम करीत असे. तो पालो फारसा रुजला नाही, इतर गायकांनी तो मोजकाच उचलला. नऊ तबकड्यांत नवेपण आहे तेथे ते असे उघड आहे, आणि म्हणूनच जुने काय ते वेगळे काढता येते.

प्रतिसाद २

मी तबला शिकतो, त्यामुळे फक्त लयीपुरते बोलतो. बुलेरियासमध्ये बारा मात्रा आहेत हे कळल्यावर मी आपला एकताल लावून बसलो आणि पार गोंधळलो. एकतालात दोन-दोन मात्रांचे सहा सारखे विभाग असतात. येथे वजन ३, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर येते, म्हणजे विभाग ३+३+२+२+२ असे पडतात. पहिल्या अर्ध्या भागात चाल झुलते आणि दुसऱ्या अर्ध्या भागात ती एकदम ताठ होते.

मला जमलेली युक्ती सांगतो. अंगठा सोडून चार बोटांची पेरे बारा होतात. पहिल्या बोटाच्या शेवटच्या पेराला वजन, दुसऱ्याच्या शेवटच्या पेराला वजन, तिसऱ्याच्या मधल्या पेराला वजन आणि चौथ्याच्या पहिल्या व शेवटच्या पेराला वजन. तिसऱ्या बोटावर अंगठा नेहमी चुकतो, कारण सवयीने तो शेवटच्या पेरावर जाऊन बसतो. पंधरा दिवस ‘आल वेर्ते लास फ्लोरेस योरान’ लावून हे केले तेव्हा हात सुटला. आणखी एक गोष्ट लक्षात आली. हेच चक्र आठव्या मात्रेपासून मोजायला घेतले की २+२+३+३+२ होते, आणि तीच सेगिरियाची लय आहे. म्हणजे या संगीतातला सर्वांत उत्सवी पालो आणि सर्वांत शोकाकुल पालो एकाच चक्राच्या दोन वेगळ्या मात्रांपासून निघतात.

पाल्मास, म्हणजे टाळ्यांची साथ, या तबकड्यांत फार स्वच्छ ऐकू येते. एक जण ठोक्यावर टाळी देतो आणि दुसरा दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत. नवशिक्याने आधी पहिलीचाच हात धरावा.

प्रतिसाद ३

मी काही वर्षांपासून माद्रिदमध्ये राहतो आणि दोनदा सान फेर्नांदोला जाऊन आलो आहे. कादिसकडून गाडीने निघाले की दोन्ही बाजूंना मिठागरे लागतात. पांढरे ढीग, मधून उथळ पाण्याचे चर. करंदी याच पाण्यात सापडते. वेंता दे वार्गास अजून चालू आहे आणि भिंती गायकांच्या छायाचित्रांनी भरलेल्या आहेत. तेथे ‘तोर्तियितास दे कामारोनेस’ मिळतात. डाळीचे पीठ आणि गव्हाचे पीठ पातळ भिजवून, त्यात कांदा, कोथिंबिरीच्या जातीचा पाला आणि सालासकट करंदी घालून तेलात पसरून तळतात. कडेला जाळी पडते आणि ती कुरकुरीत होते. पहिला घास घेतला आणि मला आमच्या कोकणातल्या घरची करंदीची भजी आठवली, हे प्रामाणिकपणे सांगतो.

या खाणावळीविषयी एक प्रसंग गावात आजही सांगितला जातो. मानोलो काराकोल हा त्या काळचा सर्वांत मोठा गायक तेथे आला असताना मुलाचे गाणे त्याला ऐकवले गेले, आणि त्याने ते फारसे मनावर घेतले नाही. मुलाच्या मनात ते राहिले, आणि पुढे नाव झाल्यावर काराकोलने गायला सांगितले तेव्हा तो त्याच्यासमोर गायला नाही, असे म्हणतात. हे मनात ठेवून सुरुवातीच्या तबकड्यांतले फांदांगो ऐकावेत. काराकोलच्या ढंगाची छाया त्यांवर मला स्पष्ट ऐकू येते. ज्याच्यावर रुसला त्याच्याकडूनच तो किती शिकला होता, हे ऐकताना मला दर वेळी गलबलून येते.

प्रतिसाद ४

मूळ लेखात हितानो समाजाचा उल्लेख आला आहे, म्हणून भाषेच्या अंगाने थोडी भर घालतो. रोमा लोकांची भाषा भारतीय-आर्य कुळातली आहे. स्पेनमध्ये त्या समाजाची नोंद १४२५ पासून सापडते. तेथे ही भाषा स्पॅनिश व्याकरणात विरघळून ‘कालो’ नावाची बोली झाली, आणि तिचे शब्द फ्लामेंकोच्या गीतांत जागोजागी येतात. ‘दुकेला’ म्हणजे दुःख, ‘लाचे’ म्हणजे लाज, ‘पान्यी’ म्हणजे पाणी. मुलाला ‘चावो’ म्हणतात, तो आपल्या ‘छावा’ या शब्दाचा भाऊबंद आहे. सेगिरिया ऐकताना ‘दुकेलास’ हा शब्द कानावर पडला की मराठी माणसाला तो कोणी समजावून द्यावा लागत नाही.

मात्र यावरून फ्लामेंको हे भारतीय संगीत आहे असा निष्कर्ष काढू नये. शब्दांचा प्रवास भाषाशास्त्राने सिद्ध होतो, रागांचा प्रवास तसा सिद्ध झालेला नाही. फ्लामेंको आज आपण ओळखतो त्या रूपात आंदालुसियातच, म्हणजे दक्षिण स्पेनमध्येच, मुख्यतः अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत घडले. हितानोंची गायकी, तेथली लोकगीते आणि आणखी कितीतरी प्रवाह त्यात मिळाले आहेत. बसंतमुखारीशी साम्य कानाला आहे, एवढेच म्हणणे योग्य होईल.

प्रतिसाद ५

चर्चा वाचून ऐकायची इच्छा झाली आहे. मी फ्लामेंकोचे गायन यापूर्वी कधीही ऐकलेले नाही, गिटार तेवढी ऐकली आहे. नऊच्या नऊ तबकड्या क्रमाने ऐकण्याइतका धीर सुरुवातीला राहील असे वाटत नाही. कोठून सुरुवात करावी? आणि लोहारकामाचा उल्लेख वाचून एक विचारावेसे वाटते : घणाच्या ठोक्यावर गायची गाणी असतात असे ऐकले होते, ती यांत आहेत का?

धागाकर्त्याचे उत्तर

प्रतिसाद ३ आणि ४ साठी दोघांचेही आभार. काराकोलची छाया मला इतकी नेमकी जाणवली नव्हती. काल पहिल्या दोन तबकड्यांतले फांदांगो त्या दृष्टीने पुन्हा ऐकले आणि ओळीच्या शेवटी आवाज जसा दाबून सोडला आहे, तेथे ती मलाही दिसली.

आता आपल्या प्रश्नाविषयी. घणाच्या ठोक्यावरच्या गाण्याला ‘मार्तिनेते’ म्हणतात आणि हे नावच हातोड्यावरून आले आहे. तोना या जुन्या कुळातले हे गाणे गिटारशिवाय गातात, कधी सोबत ऐरणीचा आवाज तेवढा असतो. कामारोन वडिलांच्या भट्टीजवळ वाढला, त्यामुळे हा प्रकार त्याच्या कानात अगदी लहानपणी गेला असणार. परंतु या नऊ तबकड्या गायक आणि गिटार यांच्या जोडीवर उभ्या आहेत. मार्तिनेतेसाठी आपण माइरेनाकडे जावे असे मी सुचवेन, आणि तेथून परत येऊन कामारोनची सेगिरिया ऐकावी. गिटार असूनही त्या सेगिरियात भट्टीचा जाळ जाणवतो.

सुरुवातीसाठी तीन तबकड्या पुरे आहेत. पहिली १९६९ ची, कारण तीत आवाज सर्वांत कोवळा आहे आणि चाली सर्वांत उघड्या आहेत. मग १९७२ ची ‘कानास्तेरा’. त्यानंतर एकदम १९७७ ची ‘कास्तियो दे आरेना’, म्हणजे आठ वर्षांत आवाजाला किती वजन आले ते समजेल. मधल्या सहा नंतर सावकाश ऐकाव्यात. निवडक गाण्यांचे संग्रह सुरुवातीला टाळावेत, कारण त्यांत १९७१ ची सोलेआ आणि १९८० नंतरचे बास गिटारसह गायलेले तांगोस शेजारी शेजारी लावलेले असतात आणि दोन्हींचा रंग फिका पडतो. एका वेळी एकच बाजू ऐकावी. शब्दांचा अर्थ दुसऱ्या वेळी शोधावा, पहिल्या वेळी फक्त ओळ कोठे उतरते तिकडे कान ठेवावा.

१९७९ च्या तबकडीविषयीही एक नोंद करतो, कारण मूळ लेखात मी तिच्यावर थोडा अन्याय केला असे आता वाटते. ती बाजारात आली तेव्हा अनेक हितानो गिऱ्हाइकांनी ‘हा आमचा कामारोन नव्हे’ म्हणून दुकानात परत नेऊन दिली, ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते. त्यांच्या घरांत या नऊ तबकड्या झिजेपर्यंत वाजल्या होत्या, म्हणून त्यांना तसे म्हणावेसे वाटले. सतारीचे स्वर असलेली ती अंगाई मी परवा ऐकली. सतारीमुळे मराठी कान आधी तिकडेच धावतो. मी मुद्दाम तिच्याकडे दुर्लक्ष करून फक्त आवाज ऐकला, तर १९६९ मधलाच तो मुलगा होता, दहा वर्षांनी मोठा झालेला. २ जुलै १९९२ रोजी वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी तो गेला. कांतेची सुवर्णकिल्ली त्याला २००० साली, मरणोत्तर मिळाली.

प्रतिसाद २ मधली पेरांची युक्ती मी अजून करून पाहिलेली नाही. आज रात्री पहिली तबकडी लावून तीच करणार आहे. तिसऱ्या बोटावर चुकलो तर येथेच येऊन विचारेन.